काचेच्या पेटीतली कासवी



आपल्या कवठे महांकाळात आता कासव पाळणारी घरं बरीच झाली आहेत. कुणी वास्तूसाठी उत्तरेच्या भिंतीला पेटी मांडली आहे, कुणी नातवाच्या वाढदिवसाला हौसेनं आणलं आहे. आणताना ते तळहातावर मावणारं, हिरवंगार, कानामागं लाल पट्टा असलेलं पिल्लू असतं. पाच-सात वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढं होतं, आणि एका सकाळी पेटीच्या तळाशी पांढरी, लांबट अंडी दिसतात. मग फोन सुरू होतात. "काकू, जोडीदार नसताना अंडी कशी?" "हे शुभ असतं का हो?" आणि आपल्या जैन घरांतून हमखास येणारा तिसरा प्रश्न, "अंडी टाकली तर पाप लागेल का?"

तिन्हींची उत्तरं पुढं देतेच. पण माझं मत आधी सांगते. खरा प्रश्न अंड्यांचा नाही, ती घालणारीच्या जागेचा आहे. मादी कासव घरात ठेवायचं आणि तिला खणायला वीतभर माती द्यायची नाही, हा छळ आहे. कासव ओरडत नाही, भुंकत नाही, म्हणून तो छळ आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच कासवी नराशिवाय देते. वयात आली, खाणं-ऊन मिळालं की तिच्या पोटात अंडी तयार होतात. ती एकटीच वाढली असेल तर त्या अंड्यांत पिल्लू नसतं. मात्र पूर्वी कधी नराबरोबर राहिली असेल तर गोष्ट वेगळी. कासवीच्या शरीरात नराचं बीज बराच काळ टिकतं. अमेरिकेत बॉक्स टर्टल नावाचं कासव असतं. त्याची पोटाकडची ढाल बिजागरीसारखी मिटते आणि कासव डबीसारखं पुरतं बंद होतं. त्याच्या मादीनं नराला भेटल्यावर चार वर्षांनीही फलित अंडी घातल्याची नोंद आहे. त्यामुळे "आता एकटीच आहे" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

शुभ-अशुभाचं म्हणाल तर दोन्ही नाही. तिच्या देहाची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ती वेळ येते तेव्हा काय होतं ते बघा. कासव पाण्यातलं असो की जमिनीवरचं, समुद्रातलं असो की डबक्यातलं, अंडी घालायला त्याला जमीनच लागते. मादी जागा शोधत फिरते, माती हुंगते, थोडं उकरून बघते, पसंत नाही पडली की पुढं जाते. जागा ठरली की मागच्या पायांनी आळीपाळीनं माती उपसते. माती घट्ट असेल तर स्वतःच्या पोटातलं पाणी सोडून भिजवते. वर अरुंद आणि खाली रुंद, आपल्या तांब्यासारखा खड्डा तयार होतो. हे सगळं ती मागं वळून न बघता करते. एकेक अंडं खाली सोडते, पायानं नीट बसवते, माती ओढून वरून दाबते आणि निघून जाते. ज्यांनी कोकणात वेळासला समुद्रकासवांचा महोत्सव पाहिला असेल त्यांना हे ठाऊक असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन केलं. तिथली मादी रात्री वाळूत येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, परत समुद्रात जाते, आणि साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात.

आपल्याकडे संतांच्या वाणीत कासवीची दृष्टी हा शब्द येतो. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लांना पोसते, तशी गुरूची कृपा, असा त्याचा भाव. भाव सुंदरच आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्यक्षात कासवी पिल्लांकडे कधी बघतच नाही. तिचं बाळंतपण आणि तिचं आईपण, दोन्ही त्या एका खड्ड्यात असतं. जागा निवडणं, खणणं, झाकणं, एवढंच काय ते ती लेकरांसाठी करू शकते. आणि काचेच्या पेटीत आपण नेमकं तेवढंच काढून घेतो.

मग पेटीतली मादी काय करते? ती अंडी धरून ठेवते. खाणं कमी करते. काचेवर चढायचा प्रयत्न करते, रात्रभर नखं घासत राहते, मागच्या पायांनी खाली काच उकरते. आपण म्हणतो, "आज कासव फार खेळतंय." ते खेळत नसतं. काही जणी शेवटी नाइलाजानं पाण्यातच अंडी सोडतात. काहींच्या पोटात अंडी अडकतात. मग ती सुस्त पडते, मागचे पाय ओढते, डोळे मिटून बसते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर मरते. जनावरांचे डॉक्टर एक्स-रे काढून अंडी किती आणि कुठं आहेत ते पाहतात, कॅल्शियम देतात, कळा येण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, तेवढ्यानं झालं नाही तर शस्त्रक्रिया करतात. म्हणजे इलाज आहे. पण गायी-म्हशींच्या डॉक्टरांना कासवाचा सराव नसतो, त्यामुळे मिरज-सांगलीत किंवा कोल्हापुरात कोण बघतं ते आधीच विचारून ठेवावं लागतं. वेळ आल्यावर चौकशी सुरू केली तर उशीर झालेला असतो.

मी कॉमर्सची, मला हे खतावणीच्या भाषेत लवकर समजतं. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियमचा खर्च. लाल कानाची मादी एका वेळी दोनपासून वीस-पंचवीसपर्यंत अंडी घालू शकते आणि हंगामात दोन-तीनदाही घालते. हा खर्च रोजच्या जमेतून, म्हणजे खाण्यातून आणि उन्हातून भागायला हवा. जमा नसेल तर देह भांडवलाला हात घालतो, म्हणजे स्वतःची हाडं आणि पाठीचं कवच झिजवतो. कवच मऊ पडणं, वाकडं होणं हे त्याचं लक्षण. इथं एक गैरसमज घरोघरी आहे. "आमची पेटी खिडकीशी आहे, भरपूर ऊन येतं." उन्हातला जो भाग अंगात ड जीवनसत्त्व तयार करतो तो खिडकीची काच आत येऊच देत नाही. उजेड येतो, ऊब येते, कामाचा भाग बाहेरच राहतो. म्हणून खिडकीतलं ऊन त्या खात्यावर जमा धरता येत नाही.

आता आपल्या धर्माकडे येऊ. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचं चिन्ह कासव आहे. पैठणच्या अतिशय क्षेत्राला तुमच्यापैकी अनेक जणी जाऊन आल्या असतील. या चिन्हाचा आधार घेऊन काही जणी म्हणतात, "मग घरात कासव असणं चांगलंच की." चिन्ह नमस्कारासाठी असतं, ते पाळायचा आदेश नसतो. महावीरांचं चिन्ह सिंह आहे, म्हणून कुणी सिंह पाळत नाही.

पाठशाळेत शिकलेलं आठवा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार कोणते? बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यात पहिलाच बंध आहे. जीवाला त्याच्या इच्छेच्या जागी जाऊ न देता बांधून, कोंडून ठेवणं. मारणं त्याच्यानंतर येतं. मला या क्रमाचं नेहमी नवल वाटतं. आपण वध टाळतो आणि समाधान मानतो. कांदा-लसूण नाही, रात्री जेवण नाही, पाणी गाळून घेतो, आणि बैठकीच्या खोलीत एक पंचेंद्रिय जीव दोन फुटांच्या काचेत वीस वर्षं फिरत असतो. गर्भजन्माचे जे जरायुज, अंडज आणि पोत असे प्रकार आपण घोकले, त्यातला तो अंडज जीव. नावं पाठ आहेत, पण समोरच्या पेटीतला तोच जीव ओळखू येत नाही.

यावर उत्तर येतं, "बाहेर त्याला कुत्री खातील, इथं सुरक्षित आहे, वेळेवर खायला मिळतं." खायला काय मिळतं तेही बघू. बाजारात या कासवांसाठी जे डबे मिळतात त्यांत सुकवलेले सोडे नाहीतर मासळीची भुकटी असते. लाल कानाचं कासव मोठं झाल्यावर पाला बराच खातं, पण लहानपणी त्याला मांसाहार लागतोच. म्हणजे ज्या घरात अंडं येत नाही त्या घरात वाळलेल्या सोड्यांचा डबा कपाटात येतो. नुसत्या भातावर आणि चपातीवर ठेवलं तर अन्न देऊनही उपासमार होते. पूर्ण शाकाहारी म्हणावं असं कासव म्हणजे आपलं चांदणी कासव, पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं. पण भारतातली कुठलीही रानटी कासवं घरात ठेवायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे बंदी आहे आणि त्यासाठी तुरुंगाची शिक्षा होऊ शकते. चांदणी कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर २०१९ पासून सर्वांत कडक निर्बंध आहेत, कारण त्याची चोरटी विक्री फार चालते. थोडक्यात, जे आपल्या आहारात बसतं ते कायद्यात बसत नाही आणि जे दुकानात मिळतं ते आपल्या आहारात बसत नाही. एवढ्यावरूनच जैन घरानं नवं कासव आणू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

चौक्याच्या शुद्धीचीही बाजू आहे. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, कासव दिसायला धडधाकट असलं तरी. अमेरिकेनं याच कारणासाठी १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली, कारण लहान मुलं ती तोंडात घालत आणि आजारी पडत. पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

मग आणलेल्या कासवाचं काय? इथं मला आपल्याच एका सवयीबद्दल बोलायचं आहे. जीवदया म्हणून जीव सोडवायची आपली जुनी रीत आहे. खाटकाकडून बकरा सोडवला, त्याला पांजरपोळात ठेवला, हे पुण्याचं काम. त्याच भावनेनं लोक पेटीतलं कासव अग्रणी नदीत, कृष्णेत किंवा गावच्या तलावात सोडून येतात आणि हात जोडतात. हे करू नका. लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, पाळीव जीवांचे रोग पाण्यात नेतं. एका जीवाला मोकळं करून आपण पाण्यातल्या शेकडो जीवांवर संकट सोडतो. दया डोळे मिटून केली की ती हिंसेच्या खात्यावर पडते.

तसंच विहिरीचं. "विहिरीत कासव असावं, पाणी स्वच्छ राहतं" म्हणून कासव सोडायची पद्धत आपल्या भागात पूर्वीपासून आहे. बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवरून मादी वर येईल कशी? तिला अंडी घालायला काठच नाही. आताची प्लास्टिक अंथरलेली शेततळी त्याहून वाईट. द्राक्षबागेसाठी पाणी साठवायला ती गरजेची आहेत, म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तरी उन्हाळ्यात त्यांचाच आधार असतो. पण त्या गुळगुळीत उतारावर पडलेला जीव वर चढू शकत नाही. दोन-तीन ठिकाणी जाड दोरखंडाची जाळी किंवा जुनी पोती काठापर्यंत बांधून सोडली तर कासव, खार, मांजर, सगळ्यांनाच वर यायला वाट मिळते. एवढं आपण शेतावर सांगून करून घेऊ शकतो.

घरात कासव आधीच असेल तर ते कुणावर ढकलू नका. ते तुमचं कर्तव्य झालं. ते तीस वर्षं जगू शकतं, म्हणजे साठी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांनी आपल्यामागं त्याला कोण सांभाळणार हेही ठरवून ठेवायला हवं. घरात भारतीय कासव असेल तर वनखात्याकडे द्या. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. आणि लाल कानाचं असेल तर आधी नर की मादी ते बघा. नराच्या पुढच्या पायांची नखं लांब आणि शेपटी जाड, लांब असते. मादी आकारानं मोठी, नखं आखूड, शेपटी छोटी. नर-मादी दोन्ही असतील तर आजच वेगळे करा.

मादी असेल तर तिला खणायला जागा करून द्या. खर्च फारसा नाही. जुनी प्लास्टिकची पाण्याची टाकी आडवी कापून तिचा खालचा भाग घ्या. त्यात माती आणि वाळू समसमान मिसळून किमान एक फूट भरा. आपली नुसती काळी माती घेऊ नका, ती सुकली की दगड होते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. ही टाकी गॅलरीत किंवा परसात अर्धं ऊन, अर्धी सावली येईल अशी ठेवा. मादी बेचैन दिसू लागली, खाणं सोडलं, काच उकरू लागली की तिला त्यात ठेवा आणि बाजूला व्हा. घरातली मुलं भोवती जमली, कुणी मोबाइल घेऊन उभं राहिलं, की ती थांबते. दोन-तीन तास, गरज पडली तर रोज, असं करा. रोजच्या मोकळ्या उन्हाची सवयही ठेवा, पण सावलीची जागा हवीच, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कासव थोड्या वेळात भाजून निघतं. कॅल्शियमची भुकटी डॉक्टरांना विचारून सुरू करा. मासळीबाजारातून आणलेल्या समुद्रफेणीचीच गरज असते असं नाही. बेचैनी संपेना आणि अंडीही दिसेनात तर डॉक्टर गाठा.

राहिला तिसरा प्रश्न, अंड्यांचा. एकटीच वाढलेल्या मादीची अंडी असतील तर त्यांत जीव वाढत नसतो. ती पाण्यातून काढून परसातल्या झाडाच्या बुंध्याशी खोल पुरा, हात साबणानं धुवा, मनाला लावून घेऊ नका. आणि ती कुणाला खायला देऊ नका, कुत्र्यालाही नाही. फलित अंड्यांची गोष्ट अवघड आहे. उबवली तर दहा नवे कैदी तयार होतील, त्यांना दहा पेट्या आणि दहा सोड्यांचे डबे लागतील. नष्ट केली तर पंचेंद्रिय जीवाची हिंसा. दोन्हीकडे दोष आहे. म्हणून ही वेळच येऊ न देणं, म्हणजे नर-मादी एकत्र न ठेवणं, हाच त्यातला धर्म. कुणाला उबवायचा मोह झालाच तर एवढंही ऐकून ठेवा की पिल्लू नर होणार की मादी हे या कासवांमध्ये मातीच्या उष्णतेवर ठरतं, आणि अंडं उचलून कोंबडीच्या अंड्यासारखं उलटंसुलटं केलं तर आतला गर्भ मरतो. हे आपल्या हौसेचं काम नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, एवढ्याशा कासवासाठी एवढं लांबण कशाला? कारण वास्तूच्या नावाखाली दुकानात रोज नवी पिल्लं येतात आणि ती विकत घेणाऱ्यांत आपलीही घरं आहेत. उत्तरेला कासव हवंच असेल तर पितळेचं ठेवा. त्याला माती लागत नाही, ऊन लागत नाही, सोडे लागत नाहीत.

या चातुर्मासात नियम घेताना हा एक नियम घ्यावा असं मी सुचवते. जिवंत कासव विकत आणणार नाही आणि कुणाला भेट देणार नाही. आणि ज्यांच्या घरी मादी आहे त्यांनी दशलक्षण पर्वाच्या आत मातीची टाकी भरून ठेवावी. कुणाला जमत नसेल तर मला सांगा, माती चाळून द्यायला मी येते.

जय जिनेंद्र.